याला कोणी हाकलले?

चि. अनुवादकास अनेक आशीर्वाद.

तुझी पाने वाचली. 'रेच' हा इंग्रजी शब्द (wretch; देवनागरीत लिहिला की जुलाब आठवतो, त्याला माझा नाइलाज आहे) मूळ मजकुरात सात वेळा आला आहे आणि सातही वेळा तू त्याचा 'बिचारा' केला आहेस. चिठ्ठीत विचारतोस की कोशात 'केविलवाणा', 'अभागी', 'नीच', 'अधम' असे सगळेच दिले आहे, तर यातले घ्यावे कोणते. कोशाला हा प्रश्न विचारून उपयोग नाही. या शब्दापाशी आलास की विचारायचे ते एवढेच: याला कोणी हाकलले, आणि कुठून?

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'व्रेच्चा' होता; आज मुका झालेला त्यातला 'व' तेव्हा बोलत असे. अर्थ हद्दपार माणूस, आणि मूळ 'हाकलून लावणे' या क्रियापदात. ज्याला धनी नाही आणि भाऊबंद नाहीत, त्याचा खून झाला तरी भरपाई मागायला कोणी उभे राहत नसे अशा त्या समाजात हद्दपारी आणि हालअपेष्टा वेगळ्या काढता येत नव्हत्या, म्हणून शब्द एकीवरून दुसरीवर सरकला. 'बेवुल्फ' या काव्यात मात्र परक्या राजाच्या घरी हिवाळा काढत सूड घोळवणारा हेंगेस्टही व्रेच्चाच आहे, आणि त्याला 'बिचारा' म्हणण्याची कोणाची छाती नाही. त्याच मुळातून जर्मनमध्ये आलेल्या 'रेके'चा अर्थ तर वीर! उलट दैन्याला जर्मन लोक 'एलेंड' म्हणतात, तो मुळात परमुलुख. आपण तरी 'देशोधडीला लागला' म्हणताना वेगळे काय करतो?

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे तू लिहिले आहेस. मला ते ठाऊक आहे. सातही ठिकाणी 'हद्दपार' लिही असे मी म्हणत नाही. आजच्या इंग्रजीत हा शब्द कीवही करतो आणि तिरस्कारही, आणि त्यातले कोणते चालले आहे हे ओळखायचे तर दार कोणी लावून घेतले ते पाहावे लागते. दार लावणाऱ्याच्या तोंडी तो 'नीच' होतो, रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या तोंडी 'अभागी'. म्हणून पुन्हा सांगतो, कोणी हाकलले ते विचार.

तीस वर्षांपूर्वी मी ते विचारले नाही. बापाने घराबाहेर काढलेल्या एका तरुणासाठी मी 'दरिद्री' लिहिले. मुद्रितशोधकांनी, फार शांत गृहस्थ होते ते, समासात बारीक अक्षरात लिहिले, 'याच्या खिशात तर पैसे आहेत.' मी ते खोडरबराने पुसले आणि पान छपाईला दिले. पानामागे पैसे मिळत, मुदत उलटली होती, घरात आजारपण होते. माझ्या जागी तूही तेच केले असतेस, निदान मी स्वतःला असे सांगत आलो आहे. पुस्तक अजून वाचनालयांत आहे आणि तो तरुण अजून त्यात दरिद्रीच आहे.

पहिल्या सहा जागा तुझ्या तू पाहा. सातव्या ठिकाणी, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बाईपाशी, मी समासात शिसपेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आहेत. पटल्या नाहीत तर भांड, पण पुसू नकोस.