किमोच्या उलट्यांवर अ‍ॅक्युपंक्चर करून घ्यावं का?

करून घ्या, पण उलटीच्या गोळ्या सोडून नाही. तुम्ही लिहिलंय, आईंना स्तनाच्या कॅन्सरची किमो चालू आहे, जळगावहून चोपड्याला परतताना गाडीतच उलट्या सुरू होतात, आणि सुया टोचणारे एक जण म्हणाले, "गोळ्या बंद करा, सुयांनीच थांबेल." असं बोलणाऱ्याकडे मी तरी आईला नेलं नसतं.

मी भुसावळची. किमो, ऑपरेशन, शेक (रेडिएशन) सगळ्यातून गेलेय, सुयाही घेतल्यात. उलटीवर त्यांचा उपयोग होतो हे १९९७ सालीच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं मान्य केलंय. मात्र अशा बहुतेक अभ्यासांत पेशंट गोळ्याही घेत होते, हे सुयावाले सांगत नाहीत. उलटीची मुख्य जागा मनगटाच्या आतल्या बाजूला आहे. मनगटाच्या घडीपासून आईंचीच तीन बोटं वर मोजा, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्या लागतील, त्यांच्या मधोमध. तिथं अंगठ्यानं दाबून ठेवलं तरी मळमळ थोडी हलकी होते. गाडीत बसल्या बसल्या करता येतं, फुकट आहे.

सुई टोचायची तर आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी, बघा. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा साध्या टोचण्यातूनही इन्फेक्शन होऊ शकतं, प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी असतील तर टोचलेल्या जागी रक्त थांबत नाही, कातडीखाली काळंनिळं होतं. कोणत्या आकड्याला चालेल हे कॅन्सरच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात सुई नको, गाठीवर नको, पोर्टजवळ (किमो देण्यासाठी छातीत कातडीखाली बसवलेली डबी) नको. सुई पाकिटातून नवीन फोडलेली हवी.

मला स्वतःला जास्त फायदा नंतर झाला. लेट्रोझोल, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोन कमी करणारी गोळी, सुरू झालं आणि सांधे असे आखडले की कळण्याची भाकरी थापताना बोटं वळेनात. या गोळ्यांच्या सांधेदुखीवर २०१८ साली २२६ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झालाय. खऱ्या सुया घेतलेल्यांचं दुखणं खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नावापुरत्या टोचलेल्या, सुया घेतलेल्यांपेक्षा जास्त कमी झालं, पण फरक फार मोठा नव्हता. माझंही तसंच: बरं वाटलं, गेलं नाही. तळपायाच्या मुंग्यांवर मला काही गुण आला नाही.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी आहे का हे तोंडावर विचारा. आणि सुयांनी गाठ विरघळते म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

सुयांच्या आधी एक करा. उलटी किती वाजता सुरू होते, किती दिवस टिकते हे कागदावर लिहून पुढच्या किमोला डॉक्टरांना दाखवा. ऑन्डॅनसेट्रॉन या उलटीच्या नेहमीच्या गोळीनं भागत नसेल तर रात्री ओलान्झापिन ही दुसरी गोळी जोडता येते का, हे त्यांनाच विचारा. त्यानं झोप फार येते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात किमोनंतर झोप लागली तर कोणाला नको आहे?