डावा हात आधी

अरे, तुझा रात्री पाऊण वाजता आलेला मेसेज सकाळी वाचला. एकवीस ओळी होत्या, मी मोजल्या, आणि खरं काय ते शेवटच्या तीन ओळींत होतं. "कीबोर्डवर उजव्या हातानं चाल येते, डावा लावला की उजवा थांबतो, आणि मग मी दोन्ही हातांकडे नुसता बघत बसतो." बाकीच्या अठरा ओळी उशीर झालाय का, कोणतं ॲप घेऊ, माझ्यात टॅलेंटच नसेल का, असल्या. त्या अठरा ओळींना मी उत्तर देणार नाहीये. तू सव्वीसचा आहेस आणि मी सदतिसाव्या वर्षी सुरुवात केली, त्या विषयावर एवढं बास.

राहिल्या तीन ओळी. त्यांचं उत्तर: डावा हात आधी.

एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं, पण मग तू "हो मावशी" म्हणशील आणि आज रात्री पुन्हा उजव्या हातानं तीच चाल वाजवत बसशील. कारण मीही तेच केलं असतं. केलंच की. तीन वर्षं केलं.

माझं काय झालं ते सांगते. लहानपणी थोडी पेटी वाजवायचे. पेटीवर डावा हात भाता मारतो, सूर काढायचे ते उजव्यानं. त्यामुळे कीबोर्ड घरात आला तेव्हा उजवा हात लगेच पळायला लागला, दोन महिन्यांत पंधरावीस चाली बसल्या, ऐकणारे वा वा म्हणायला लागले आणि मला वाटलं आपल्याला पियानो येतो. डावं नंतर बघू, आधी हात मोकळा होऊ दे, असं मी स्वतःला सांगायचे. आता विचार करते, कुठला हात मोकळा करत होते मी? मग एकदा एका मैत्रिणीकडे खराखुरा पियानो होता, मला वाजवायला बसवलं, मी वाजवलं, आणि वाजवून झाल्यावर तिची नऊ वर्षांची मुलगी जवळ येऊन अगदी काळजीनं म्हणाली, "तुमचा दुसरा हात दुखतोय का?"

सगळे हसले, मीही हसले. डावा हात पूर्ण वेळ मांडीवर पडून होता हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

त्यानंतर डावा हात लावायला गेले तर काय झालं ते तुला वेगळं सांगायला नको, तू त्याच जागी अडकलायस, फक्त तुझे चार महिने गेलेत आणि माझी तीन वर्षं. माझा उजवा हात तीन वर्षं एकटा संसार करून बसला होता. त्याला वाटेल तिथे तो थांबायचा, सोपं आलं की पळायचा, अवघड आलं की रेंगाळायचा, आणि आता अचानक कुणीतरी घरात राहायला आलं आणि म्हणायला लागलं की जेवायची वेळ ठरव. ती खोड मोडायला मला दीड वर्ष लागलं. शिकायला नाही रे, मोडायला. याचा मला अजून राग येतो.

आपला कान आपोआप वरच्या सुरांमागे जातो. चाल बहुतेक वेळा वर असते आणि वरचं उजवा वाजवतो, त्यामुळे उजव्याला लक्ष न मागता मिळतं. डाव्याला कुणी विचारत नाही. म्हणून डावा असा बसला पाहिजे की त्याच्याकडे लक्ष द्यावंच लागणार नाही, आणि ते चाल डोक्यात घोळायला लागायच्या आधीच करायचं असतं, कारण एकदा चाल आली की तुला परत एकट्या डाव्याकडे जायचा कंटाळा येणार. येणारच. डाव्या हाताचं एकट्याचं ऐकायला काही मजा नसते हे मी मान्य करते.

तू म्हणशील, पण बीथोवनच्या "फ्यूर एलिझ"ची सुरुवात तर मला दोन्ही हातांनी येते. नाही येत. तुला जी सुरुवात येते तिच्यात दोन हात जवळजवळ एकत्र येतच नाहीत, डावा तीन सूर वर चढवतो आणि उजव्याच्या हातात देतो, उजवा पुढे नेतो, परत डावा. कबड्डीपेक्षा खो-खो आहे तो. म्हणून तर नवशिक्यांना ती जमते, आणि म्हणून बहुतेक जण पुढचा एफ मेजरचा भाग आला की पान मिटतात. मीही मिटलं होतं.

त्यापेक्षा जी मेजरमधला तो छोटा मिन्युएट, म्हणजे नाचाचा तुकडा, घे, बाखच्या घरातल्या 1725 च्या वहीतला, त्याची बायको ॲना माग्दालेना हिच्या. खूप वर्षं तो बाखच्याच नावावर खपला, आहे पेत्सोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाचा. त्यात डावा हात नुसता ठेका धरून बसत नाही, त्याची स्वतःची चाल आहे, ती पायऱ्या चढून उतरल्यासारखी वर जाते आणि खाली येते, आणि ती एकटी वाजवलीस तरी ऐकवते. किंवा बार्टोकचं "मिक्रोकोसमॉस", सहा भाग, 153 तुकडे, धाकट्या मुलाला शिकवता शिकवता वाढलेलं. त्यात पहिल्या काही तुकड्यांत दोन्ही हात एकदम एकच चाल वाजवतात. पहिल्या दिवसापासून डाव्याला उजव्याइतकंच काम. मला हे सुरुवातीला कुणी हातात दिलं असतं तर, जाऊ दे.

आता नीट वाच, कारण हे परत लिहिणार नाही. चार बार, म्हणजे तालाचे चार खण, घे. चारच. पूर्ण पान घ्यायचं नाही, "फक्त एकदा शेवटपर्यंत वाजवून बघतो" हे पण नाही. मेट्रोनोम, म्हणजे ठेक्याचं टकटक यंत्र, मिनिटाला 50 ठोक्यांवर. डावा हात एकटा, इतका वेळ की तो वाजत असताना तुला स्वतःचा फोन नंबर मोठ्यानं उलटा म्हणता आला पाहिजे. हे गमतीनं सांगत नाहीये, खरंच म्हणून बघ, पहिल्या दिवशी तिसऱ्या आकड्यालाच डावा गडबडेल. तो गडबडायचा थांबला की डावा चालू ठेवून उजव्या हाताची चाल तोंडानं गुणगुणायची. हे सगळ्यात अवघड आहे, फोन नंबरपेक्षा कितीतरी, कारण आता तुझा लाडका कान परत वर धावतो. मग उजव्या हातानं मांडीवर चालीचा नुसता ठेका, सूर नाहीत. मग प्रत्येक बारमधला उजव्याचा पहिला सूर तेवढा पट्टीवर. आणि मग सगळा उजवा.

आणि गडबड झाली की कोण सोडायचा? उजवा. डावा चालूच राहणार. आत्ता तू उलटं करतोस, मला न बघता माहितीये, गडबड झाली की डावा उचलतोस आणि चाल पूर्ण करतोस, म्हणजे दर वेळी तू डाव्याला शिकवतोस की अवघड आलं की तू निघून जायचं.

वाचायचंही तसंच. सगळे जण ट्रेबल क्लेफ, म्हणजे स्वरलिपीतली वरच्या सुरांची खूण, आधी शिकतात आणि मग बेस क्लेफ, खालच्या सुरांची खूण, त्यावरून मोजत बसतात, ही रेघ ट्रेबलमध्ये अमुक असती म्हणजे इथे तमुक. मी आजही थकले की हेच करते, आणि स्वतःला शिव्या घालते. बेस क्लेफची दोन टिंबं ज्या रेघेच्या वरखाली आहेत ती रेघ एफ, मधल्या सीच्या खालचा एफ. आणि मधला सी सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर एका छोट्या जादा रेघेवर बसतो. या दोन खुणा धर आणि तिथून मोज, उजव्याची कुबडी घेऊ नकोस. पंधरा दिवस ट्रेबलकडे बघूच नकोस, ते आपोआप येतं.

स्केलबद्दल तू लिहिलंयस की दोन्ही हातांनी सीचं स्केल वाजवताना बोटं एकमेकांत अडकतात. अडकणारच. अंगठा 1, करंगळी 5 असं मोजलं तर उजव्याचा क्रम 1-2-3-1-2-3-4-5 आणि डाव्याचा 5-4-3-2-1-3-2-1, म्हणजे उजव्याचा अंगठा चौथ्या सुरावर खालून जातो आणि डाव्याचं मधलं बोट सहाव्यावर वरून येतं, दोन वेगवेगळ्या क्षणी. त्यात मेंदू बिचारा काय करणार. पण दोन्ही अंगठे मधल्या सीवर ठेव आणि हात उलट दिशांना ने, उजवा वर, डावा खाली. आता दोन्ही हातांची बोटं सारखीच पडतात, 1-2-3-1-2-3-4-5, आरशासारखी. मला हे वयाच्या चाळिशीत कळलं आणि मी अक्षरशः कीबोर्डवर डोकं ठेवून बसले होते. यात पण आधी डावा एकटा. कंटाळलास ऐकून? मलाही सांगायचा कंटाळा आलाय, पण तू अजून ऐकलेलं नाहीयेस.

"माझा डावा कमजोर आहे" हे मात्र परत लिहू नकोस. बोटांत स्नायू नसतातच, बोटं हलवणारे स्नायू तळव्यात आणि कोपर ते मनगट या भागात असतात, आणि पियानोची पट्टी दाबायला पैलवान लागत नाही. डाव्याला ताकद कमी नाहीये, त्याला कुणी काम दिलेलं नाहीये. रबरी बॉल दाबणं, बोटांना वजनं लावणं असले उद्योग करू नकोस. संगीतकार शूमानचा उजवा हात तरुणपणीच गेला, नक्की कशामुळे यावर अजून वाद घालतात लोक, पण वादनाचं करिअर संपलं ते संपलंच. दुखलं की थांब, उद्या वाजव.

क्लास लावू का असं विचारलंयस. इथे मी अडचणीत येते. मी पाच महिने क्लासला गेले आणि सोडला, आणि विचारलं की सांगते वेळ मिळत नव्हता. खरं म्हणजे शिकवणारे मला सारखं थांबवायचे. मनगट खाली गेलंय, परत. बोट सपाट पडलंय, परत. त्या वयात रोज दहा लोकांना कामं सांगणारी मी, मला ते सहन झालं नाही. त्यांच्या पुस्तकात पहिली बारा पानं उजव्याचीच होती हेही खरं आहे, आणि तिथे माझंच बरोबर होतं असं मी आजही म्हणेन, पण मनगटाचं त्यांचं बरोबर होतं आणि ते मला सहा वर्षांनी कळलं. मी राहिले असते तर कदाचित मांडीवरचा हात त्यांनी नवव्या की दहाव्या महिन्यात उचलून पट्टीवर ठेवला असता. किंवा नसताही ठेवला, कुणास ठाऊक. तर एकट्यानं शिक, तुझा स्वभाव माझ्यासारखाच आहे, पण दोन-तीन महिन्यांतून एकदा कुणातरी जाणकाराला हात दाखव. सूर तुला स्वतःला ऐकू येतात, मनगट दिसत नाही.

कीबोर्ड बदलायचा का, तर आत्ताच नको. पियानोला 88 पट्ट्या असतात, 52 पांढऱ्या, 36 काळ्या, तुझ्या 61 वाल्यावर साधारण डावीकडच्या 15 आणि उजवीकडच्या 12 नाहीत. बघ, तिथेही डावीकडचंच जास्त कापलंय. वर्षभरानं घेशील तेव्हा वजनदार पट्ट्यांचाच घे. पेडलला तूर्तास पाय लावू नकोस, त्यानं सगळं गोड आणि धूसर होतं आणि डाव्यानं काय घोळ घातला ते कळत नाही. आणि ते रंगीत पट्ट्या वरून पडणारे व्हिडिओ बंद कर. पट्ट्या पडायच्या थांबल्या की तुझ्याकडे काय उरतं ते तूच बघितलंयस.

एक गोष्ट तुला उलटी वाटेल. डावा आधी शिकायचा, पण वाजवताना तो हळू आवाजात वाजवायचा. मोठ्या आवाजात चाल, खाली हलका डावा. पेटीवर हे मला कळायचं कारणच नव्हतं, तिथे पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज भात्यावर. पियानोचं मूळ लांबलचक नावच हळू आणि जोरात वाजणारं वाद्य अशा अर्थाचं आहे, क्रिस्तोफोरीनं 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये ते केलं ते याचसाठी, बोटाच्या जोरावर आवाज ठरावा म्हणून. आणि डावा हलका वाजवायचा तर तो पक्का यावा लागतो, कारण ज्या हाताला खात्री नसते तो आपटतो. माझा आपटायचा, अजूनही नवीन काही घेतलं की पहिला आठवडा आपटतो.

ब्राह्म्सनं 1877 मध्ये बाखची व्हायोलिनवरची शाकोन नावाची रचना एकट्या डाव्या हातासाठी लिहून त्याच शूमानची बायको, पियानोवादक क्लारा हिला पाठवली होती. एकच हात दिला की व्हायोलिनवाल्यासारखीच ओढाताण अनुभवता येते असं त्याला वाटत होतं. आणि योगायोग असा की तेव्हा क्लाराचा उजवा हात खरोखरच दुखावलेला होता. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा डोळे मिटून ऐकली आणि शपथेवर सांगितलं असतं की दोन हात आहेत. त्या नऊ वर्षांच्या मुलीला ती ऐकवायची फार इच्छा होती, पण आता ती कॉलेजात आहे आणि तिला तो प्रश्न आठवतही नाही, मी विचारलं होतं.

रविवारपर्यंत मिन्युएटचे पहिले चार बार पाठव, रेकॉर्ड करून, फक्त डाव्या हाताचे, मेट्रोनोमचा टकटक आवाज ऐकू आला पाहिजे. मागे उजव्याचा एक जरी सूर ऐकू आला तर मी पुढचं ऐकणार नाही आणि तुझ्या एकवीस ओळींना उत्तरही देणार नाही. आणि व्हिडिओ काढलास तर उजवा हात कुठे ठेवलायस ते दिसू दे, मला बघायचंय.