कार्ड ‘सेटल’ केलंत, पण खातं अजून मिटलेलं नाही

वाकडच्या फ्लॅटचं बुकिंग झालंय, पगार चांगला, क्रेडिट स्कोअर ७४० च्या वर, तरी जुन्या क्रेडिट कार्डावरून बँकेने गृहकर्जाची फाइल परत केली, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून स्कोअर म्हणजे काय वगैरे सोडून देतो.

घोळ त्या एका शब्दात आहे: ‘सेटल्ड’. वसुलीवाला म्हणाला, अठरा हजार आहेत, सात भरा, विषय संपवा. तुम्ही भरलेत. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, मात्र त्याचा अर्थ असा लागतो की बँकेला अकरा हजारांवर पाणी सोडावं लागलं. गृहकर्जाचा अधिकारी नुसता स्कोअर बघत नाही, एकेक खातं उघडतो. ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ (बुडीत धरलेलं) दिसलं की बऱ्याच बँकांत फाइल तिथेच अडते, मग रक्कम कितीही किरकोळ असो.

माझं स्पष्ट मत: उरलेले अकरा हजार भरून टाका. ‘तेव्हा तर मिटलं होतं’ हा वाद घालण्यात फ्लॅट जाईल. पण पैसे भरण्याआधी कार्ड देणाऱ्या बँकेकडून ईमेलवर लेखी घ्या, की रक्कम मिळाल्यावर खातं ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य असं कळवू. एजंटच्या हातात रोख द्यायची नाही, पैसे थेट कार्डाच्या खात्यातच. मग नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, मागा. शाखेत खेटे घालू नका, बहुतेक शाखांना कार्डाच्या खात्याला हात लावता येत नाही.

आणि कार्डाच्या हेल्पलाइनवर विसंबू नका! ‘४५ दिवसांत आपोआप अपडेट होईल’ हे तिथलं ठरलेलं वाक्य. फोन ठेवला की तक्रार बंद, पुढच्या वेळी नवा माणूस, नवी कहाणी. माणसांचं घर अडकलेलं असताना इतकी बेफिकिरी चीड आणणारी आहे. त्यामुळे सगळं लेखी करा, तक्रार क्रमांक घ्या, आणि नो ड्यूज जोडून सिबिलच्या (क्रेडिट रिपोर्ट बनवणारी कंपनी, म्हणजे ब्युरो) साइटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाका. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन ब्युरोंचे रिपोर्टही बघा. चौघांकडे वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि तुमची बँक कुणाचा काढेल ते तुमच्या हातात नसतं. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी लागत नाही.

रिपोर्ट सुधारेपर्यंत दुसऱ्या बँकांत अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते.

आता चालू कार्डाबद्दल. ‘पूर्ण बिल भरतो’ एवढं पुरत नाही. ब्युरोकडे त्या-त्या तारखेची थकबाकी जाते, आणि बऱ्याच बँका तिच्या ५ टक्के रक्कम तुमचा मासिक हप्ता धरतात. १,२०,००० दिसले की ६,००० चा हप्ता. साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये पडतात, म्हणजे पात्रता जवळजवळ ७ लाखांनी घटते. स्टेटमेंट निघण्याआधीच बहुतेक रक्कम भरून टाका, थकबाकी मर्यादेच्या ३० टक्क्यांखाली ठेवा. कार्डावरचा नो-कॉस्ट ईएमआय (बिनव्याजी म्हणून विकला जाणारा हप्ता) तर पूर्णच हप्ता म्हणून धरला जातो. पाडव्याला बुकिंग आणि त्याच आठवड्यात मॉड्युलर किचन हप्त्यावर, हे पुण्यात सर्रास चालतं. मंजुरीपत्र हातात असलं तरी पैसे देण्याआधी बँक रिपोर्ट पुन्हा काढू शकते, तेव्हा ताबा मिळेपर्यंत किचन थांबू द्या. जुनं, नीट चालू असलेलं कार्ड घाबरून बंद करू नका, एकूण मर्यादा घटते आणि वापराचं प्रमाण उलट वाढतं.

मी बँकेत नाही, प्रत्येक बँकेचं धोरण थोडं वेगळं असतं, अर्ज करण्याआधी विचारून घ्या.

बिल्डर घाई करतोय म्हणालात. करारनामा नोंदवण्याआधी त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, रेरा या घरखरेदीच्या कायद्याचं कलम १३. मुदतवाढ ईमेलवर मागा, आणि ती लेखी मिळेपर्यंत पुढचा चेक देऊ नका.