जिमनीची यादी 3 लाख 60 हजारांची, बोनस दीड लाखाचा

कोल्हापूरच्या एका वाचकाने पाठवलेल्या पत्राचा सारांश आधी देतो. वय 34, खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार दरमहा 78,000 रुपये, घरी पत्नी आणि पहिलीत जाणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या मारुती जिमनी या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या) गाडीचा 19,000 रुपयांचा हप्ता अजून साडेचार वर्षे चालणार आहे. गाडी रोज कामावर नेली जाते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी, पावसाळ्यात थोडे अधिक, पाच-सहा गाड्यांच्या गटाबरोबर गगनबावडा, आंबा घाटाच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जाते. यंदा दीड लाखाचा बोनस मिळाला असून दुकानदाराने 3,60,000 रुपयांची यादी करून दिली आहे: स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर बदलून गाडी उंच करणे 85,000, 235/75 मापाचे पाच टायर 65,000, पोलादी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) 1,05,000, स्नॉर्केल (इंजिनासाठी हवा उंचावरून घेणारी नळी) 20,000, टपावरचा कॅरियर आणि एलईडी दिवे 45,000, बसवणावळ व किरकोळ 40,000. उरलेल्या 2,10,000 रुपयांसाठी 14 टक्क्यांनी तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज मिळत आहे. कर्ज घ्यावे का, आणि न घेतल्यास यादीतले आधी काय करावे, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: हे कर्ज घेऊ नका. त्याचा हप्ता सुमारे 7,180 रुपये होईल आणि तीन वर्षांत साधारण 48,000 रुपये निव्वळ व्याजापोटी जातील. आज पगाराचा जवळपास चौथा हिस्सा हप्त्यात जातो, तो तिसऱ्या हिश्शाच्या वर जाईल. पण खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही दिलेल्या हिशेबाप्रमाणे घरभाडे, शाळा, किराणा आणि गाडीचा हप्ता धरून महिन्याचा अटळ खर्च 52,000 रुपये आहे, आणि अडीअडचणीसाठी म्हणून तुमच्याकडे 1,10,000 रुपयांची मुदतठेव आहे, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची सोय. एकाच पगारावर चालणाऱ्या घराला किमान सहा महिन्यांची, म्हणजे 3,12,000 रुपयांची तरतूद हवी. शिवाय तुमचा आयुर्विमा फक्त कंपनीच्या सामूहिक योजनेतला आहे, जो नोकरी सुटताच संपतो. स्वतःची मुदत विमा पॉलिसी, म्हणजे टर्म प्लॅन, हे काम गाडीच्या कुठल्याही सुट्या भागाआधीचे आहे आणि तुमच्या वयाला त्याचा हप्ता परवडणारा असतो.

म्हणून बोनसमधले 80,000 रुपये मुदतठेवीत घालावेत आणि 70,000 गाडीसाठी मोकळे ठेवावेत. कागदावर पाहता ही वाटणी गाडीच्या बाबतीत थोडी सढळ आहे, हे मला मान्य आहे. परंतु छंदाला पूर्ण बंदी घातली की माणूस चार महिन्यांनी क्रेडिट कार्डावर तीच खरेदी करतो, असे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. तुमच्या चालू एसआयपीचे (म्युच्युअल फंडातल्या मासिक गुंतवणुकीचे) 10,000 वजा जाता दरमहा आणखी 8,000 रुपये बाजूला टाकणे तुम्हाला शक्य दिसते. तसे केल्यास साधारण सव्वा वर्षात ठेव 3,10,000 रुपयांवर पोहोचेल.

आता हे 70,000 कुठे घालायचे, ते पाहू. दुकानदाराच्या यादीत एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही, ती म्हणजे वजन. पाच दरवाजांच्या जिमनीचे स्वतःचे वजन सुमारे 1,200 किलो आणि माणसे-सामानासह कमाल अनुज्ञेय वजन 1,545 किलो आहे. म्हणजे तुमच्या हाती साडेतीनशे किलोच्या आतबाहेरची मुभा आहे. पोलादी बंपर आणि विंच मिळून 70-80 किलो, टपावरचा कॅरियर 25-30 किलो आणि मोठ्या टायरांचे वाढीव वजन धरले, तर यातले सव्वाशे किलो माणूस गाडीत बसण्याआधीच संपतात. उरलेल्यात तीन मोठी माणसे आणि थोडे सामान मावते. शिवाय हा भार बऱ्याच अंशी पुढच्या चाकांवर आणि टपावर येतो, जिथे चढउतारावर तो सर्वांत नकोसा असतो. 105 पीएस आणि 134 न्यूटन मीटरच्या पेट्रोल इंजिनाला तो दर घाटात ओढावा लागेल, तो वेगळाच.

बंपरचा प्रश्न तर वजनापुरताही राहत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना बुल बार आणि क्रॅश गार्ड (गाडीच्या पुढे लावले जाणारे धातूचे कठडे) यांवर कारवाई करण्यास कळवले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. तुमच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत, आणि धडकेचा आघात कसा पसरावा याचा सगळा हिशेब मूळ बंपर धरून केलेला असतो. दंडापेक्षाही अपघातानंतर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते, ही भीती मला मोठी वाटते. पाच-सहा गाड्यांबरोबर जाणाऱ्या माणसाला विंचची गरज क्वचितच पडते, कारण ओढायला दुसरी गाडी हजर असते. एकट्याने जात असाल, तर विंच घेण्यापेक्षा एकट्याने जाणे थांबवा.

स्नॉर्केलमुळे इंजिनाला हवा वरून मिळते, इतकेच. डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची छिद्रे, वायरिंग आणि जमिनीलगतची बाकी यंत्रणा होती तिथेच राहते, आणि त्यासाठी पुढच्या मडगार्डला पाडलेले भोक गाडी विकताना बुजवता येत नाही. पाण्याची धास्ती असेल, तर येत्या नूतनीकरणाच्या वेळी विम्यात इंजिन संरक्षणाचे जोड-कवच घ्या. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान सहसा धरले जात नाही. हे कवच असले, तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नका.

माझ्या मते सर्वांत आधी 20,000 रुपयांपर्यंतचे, यादीत नसलेले सामान घ्यावे: चांगल्या प्रतीचा 12 व्होल्टचा हवेचा कॉम्प्रेसर, हवेचा दाब मोजण्याचा गेज, योग्य क्षमतेचा कायनेटिक रोप (अडकलेली गाडी ओढण्याचा, ताणला जाणारा दोर), दोन सॉफ्ट शॅकल (रोप हुकाला जोडणारे दोराचे फासे), जाड हातमोजे, फावडे आणि पंक्चर काढण्याचा संच. कच्च्या वाटेवर टायरची हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो आणि पकड इतकी वाढते, की उंच केलेल्या गाडीकडून अपेक्षित असलेले निम्मे काम तिथेच होते. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी मात्र हवा पुन्हा भरावीच लागते, म्हणून कॉम्प्रेसर. रोप नेहमी चॅसीला असलेल्या हुकालाच अडकवावा.

उरलेले 50,000 टायरसाठी, पण दुकानदाराने सुचवलेल्या मापाच्या टायरसाठी नव्हे. मूळ हायवे टायर वर्षाच्या आत बदलावे लागतील, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यामुळे साध्या संचाचे 35,000 रुपये कसेही जाणारच आहेत. ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांच्या) टायरसाठी तुमच्या खिशातून खरे तर फक्त फरकाची रक्कम जाते. यादीतल्या दुसऱ्या एकाही वस्तूला हा लाभ नाही. मूळ 195/80 मापात चांगले ऑल-टेरेन टायर मिळाले तर तेच घ्या, न मिळाल्यास 215/75 पर्यंत थांबा. त्याचा व्यास मुळापेक्षा जेमतेम दीड टक्का मोठा आहे. 235/75 चा व्यास जवळपास सहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जमिनीपासूनची उंची दोन सेंटिमीटरने वाढते, पण गिअरचे गुणोत्तर बिघडते, काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि बहुधा गाडी उंच करण्याचा खर्चही मागोमाग येतो. तुमचा महिन्याचा 900 किलोमीटरचा प्रवास धरला आणि सरासरी लिटरमागे 14 किलोमीटरवरून साडेबारावर आली असे मानले, तर आजच्या दराने पेट्रोलचे दरमहा सुमारे 800 रुपये वाढतात. पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या. मागच्या दारावरचे चाक वेगळ्या मापाचे असेल, तर फोर बाय फोरमध्ये ते चालवता येणार नाही.

गाडी उंच करण्याचा विचार ठेव पूर्ण झाल्यावर करावा. जिमनीला पुढे-मागे सॉलिड अॅक्सल आहेत, म्हणजे डावे-उजवे चाक एकाच अखंड आसावर आहे. उंची वाढली की स्टिअरिंगची भूमिती आणि प्रॉपेलर शाफ्टचे (ताकद अॅक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) कोन बदलतात, आणि वेगात स्टिअरिंग थरथरण्याची तक्रार त्यानंतर सुरू झाली, तर ती सोडवण्याचा खर्च 85,000 च्या त्या आकड्यात नाही. त्याऐवजी डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वळवणारी पेटी) यांच्याखाली संरक्षक पत्रा लावणे स्वस्तात होते. जांभ्याच्या दगडांवर त्याचा उपयोग जास्त, आणि तो काढूनही ठेवता येतो. (राजापूरकडे गावी जाता, असे लिहिले आहे. तिथल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, गाडी घालू नका. बारसूसारखी कातळशिल्पे (जमिनीच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रे) चाकाखाली आल्याचे वरून कळतही नाही.)

दिवे आणि कॅरियर यांना मी सध्या वाव देणार नाही. पुढे कधी दिवे बसवलेच, तर विद्युत उपसाधने म्हणून ती पॉलिसीत नोंदवा आणि त्यांचा जादा हप्ता भरा. टायरचे माप बदलले तरी विमा कंपनीला आधी ईमेल करा, त्यांचे लेखी उत्तर येऊ द्या, आणि मगच दुकानदाराला आगाऊ रक्कम द्या.