दोन तबकड्या, सहा वायरी

परळ, मुंबई

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. दोन तबकड्या मिसळून वाजवलेल्या तुझ्या डीजे मिक्सची तू पाठवलेली फाइल काल रात्री हेडफोन लावून दोनदा ऐकली. अडतिसाव्या मिनिटाला कोळीगीताची ढोलकी आत शिरते आणि खालच्या हाउस म्युझिकच्या रेकॉर्डीचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, तिला जागा करून देतो, तिथे मी एकटाच हसलो. मग थोड्या वेळाने ढोलकी पुढे पळते, तू तिला ओढायला जातेस आणि दोघींची फरफट होते, तेही ऐकलं. आता तुझा प्रश्न: "काका, यातलं डाव्या डेकचं, म्हणजे डाव्या तबकडीचं, तेवढं वेगळं काढता येईल का?"

नाही येणार. भेळ कालवल्यावर चिंचेचं पाणी परत वाटीत येत नाही. हल्ली गाणं फोडून गळा, ड्रम आणि बास वेगळे करून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, ती तू वापरून पाहशीलच. पण ती आवाजाची जात ओळखतात, तबकडी ओळखत नाहीत. दोन्ही रेकॉर्डींमधला ठेका ती एकाच डब्यात भरतील आणि तू होतीस तिथेच राहशील. डेक वेगळे हवे असतील तर ते रेकॉर्ड करतानाच वेगळे ठेवावे लागतात.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. डेकमधून निघालेला आवाज दोन्ही डेक एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या आधी उचलायचा की नंतर? आधी उचललास तर तुला दोन अख्ख्या रेकॉर्डी मिळतील, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. त्यात तू फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, कधी वर नेलास, बास कुठे कापलास, एका डेकवरून दुसऱ्यावर नेणारा क्रॉसफेडर कसा मारलास, यातलं काहीच नसेल. स्क्रॅच करणाऱ्याचा, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे घासणाऱ्याचा, अर्धा जीव क्रॉसफेडरमध्ये असतो. आधी उचललेल्या ट्रॅकवर नुसती घासाघीस ऐकू येते. नंतर उचललंस तर तुझे हात मिळतील, पण एकमेकांत कालवलेले. काही मिक्सर यूएसबीवरून प्रत्येक चॅनल त्याच्या फेडरनंतर वेगळा देतात. तो असेल तर उत्तम. तुझ्याकडे तो नाही आणि त्यासाठी कर्ज काढू नकोस.

माझं म्हणणं, दोन्ही घे. डावा डेक, उजवा डेक आणि मिक्सरचा रेक-आउट, म्हणजे तयार मिक्स रेकॉर्डिंगसाठी बाहेर देणारं आउटपुट. स्टिरिओ म्हणजे प्रत्येकी दोन, एकूण सहा वायरी. म्हणून आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या साउंडकार्डाला निदान सहा लाइन इनपुट हवेत. बाजारात आठवाली मिळतात, ती घे; उरलेल्या दोनात कधीतरी माइक लागेल.

जोडणी सांगतो. सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात आणि तेही वाकडे. रेकॉर्ड कापताना बास दाबलेला आणि तार आवाज चढवलेला असतो. 1954 पासून रूढ झालेला तो आरआयएए नावाचा वक्र उलटा करायचं काम फोनो प्रीअँपचं. म्हणून डेक आधी फोनो प्रीअँपला, तिथून वाय-वायरने दोन फाटे: एक मिक्सरला, एक साउंडकार्डाला. मिक्सरवरचं बटण आता फोनोवरून लाइनवर टाकायचं, नाहीतर वक्र दोनदा उलटेल आणि सगळा आवाज फुगून फाटेल. एका आउटपुटचे दोन फाटे चालतात. दोन आउटपुट पिळून एका इनपुटात कधीही घालू नकोस. वायरींसाठी लॅमिंग्टन रोडला जा. 'एका बाजूला आरसीए, दुसऱ्या बाजूला पी-थर्टीएट मोनो' एवढं म्हटलंस की दुकानदाराला कळतं. वाय-वायरी मात्र तयार घे. मी त्या स्वतः झाळून बनवल्या होत्या आणि वर्षभर डावं-उजवं उलटं ऐकत बसलो होतो.

दोन इनपुटांची दोन साउंडकार्डं जोडून काम भागवायचा विचार तुझ्या मनात येईलच, माझ्याही आला होता. प्रत्येक कार्डाचं घड्याळ स्वतःचं असतं. दोन घड्याळांत दहा लाखांत 50 एवढा किरकोळ फरक धर, तरी तासाभरात 0.18 सेकंद होतात. मिनिटाला 120 मात्रांच्या ठेक्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त चूक. माझ्या त्या सत्तर मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवात गोडीगुलाबीची होती आणि शेवटी दोन बँजो पार्ट्या एकाच गल्लीत समोरासमोर आल्यासारखं झालं होतं. मी मात्र आठवडाभर स्वतःच्या बीटमॅचिंगला, म्हणजे दोन ठेके जुळवण्याला, शिव्या देत होतो. कार्ड एकच असू दे.

लेव्हल धरताना हात आखडता ठेव. 24 बिटवर रेकॉर्ड कर आणि सगळ्यात मोठा ठोका उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहू दे. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. छताला आपटून चपटा झालेला ठोका परत गोल होत नाही. 44.1 किलोहर्ट्झ पुरे. एका स्टिरिओ ट्रॅकला तासाला साधारण 950 एमबी लागतात, तिन्हींचे मिळून तीन जीबीच्या आत. प्रत्येक ट्रॅकची फाइल वेगळी असू दे, कारण साधी वेव्ह फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. आणि ऐकताना मिक्सरमधूनच ऐक, कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज नको. म्हणजे बफर, कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा साठा घेतो तो, 1024 सॅम्पलवर ठेवता येतो आणि मधेच कडकड होत नाही.

घूं असा आवाज आला तर आधी डेकची अर्थची बारीक वायर जिथे प्रीअँप आहे तिथे घट्ट आहे का बघ. मग लॅपटॉपचा चार्जर काढ; बॅटरीवर आवाज गेला तर चोर सापडला. जुन्या चाळींत तीन पिनांच्या सॉकेटातली अर्थ कधीकधी नुसती शोभेची असते, ती वायरमनकडून तपासून घे. पिन मात्र तोडू नकोस. असे उपाय सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव.

करी रोडच्या माझ्या जुन्या खोलीत प्रत्येक फास्ट लोकल रेकॉर्डिंगवर दिसायची. ऐकू यायची नाही, पण वेव्हफॉर्म फुगायचा, कारण जमिनीचा हादरा सुईत चढतो. शेवटी कडप्प्याची लादी आणली, खाली सायकलच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूब घातल्या, वर डेक. गाडी बऱ्यापैकी गेली. उरलेली 30 हर्ट्झच्या खालचं कापून काढली.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग झालं की मिक्स लगेच ऐकू नकोस. डावा डेक एकटा लावून ऐक. तू डेकच्या फिरत्या थाळीच्या, प्लॅटरच्या, कडेला बोट टेकवतेस तेव्हा सूर किंचित खाली वाकतो. पिच, म्हणजे वेगाची पट्टी, सरकवतेस तेव्हा अख्खं गाणं चढतं. टेक्निक्सच्या डेकचा पिच आठ टक्के वर-खाली जातो आणि सहा टक्क्यांतच जवळजवळ एक अर्धस्वर सरकतो. मिक्समध्ये दुसरी रेकॉर्ड हे सगळं झाकते. एकटा डेक काही झाकत नाही. तुझ्या बाबतीत मला वाटतं ते असं: ढोलकी पळाली म्हणून तू पिच ओढलास, पण ती पळाली नव्हतीच. वाजवणाऱ्याने ध्रुपदाच्या आधी जरा उचल घेतली आणि दोन ओळींत तो आपला आपण परत आला. हाताने वाजवलेल्या रेकॉर्डी श्वास घेतात. तिथे पिचला हात न लावता बोटानेच सांभाळायचं. माझा अंदाज चुकलाही असेल; ट्रॅक वेगळे असते तर तासभर वाद घालता आला असता.

आणि हो, ट्रॅक वेगळे मिळाले की ते ओढून-ताणून कॉम्प्युटरच्या समान मात्रांच्या ग्रिडवर बसवायचा मोह होईल. सरावापुरतं एकदा कर आणि ऐक, ती ढोलकी कशी सरकारी कारकुनासारखी वाजते ते. लोकांना द्यायचा तो रेक-आउट. त्यात फार तर एखादी जागा डेकच्या ट्रॅकवरून दुरुस्त कर, जिथे सुई उडाली असेल तिथे.

मिक्सचे गाण्यांप्रमाणे तुकडे करायचे असतील तर शेवटी खुणा लावून कर, आणि एमपीथ्रीत नको. एमपीथ्री प्रत्येक तुकड्याच्या टोकाला थोडी शांतता चिकटवते आणि सांध्यावर ठेका अडखळतो. फ्लॅक, म्हणजे काही न गाळता दाबलेली फाइल, ठेव.

रविवारी दुपारनंतर ये. माझं आठ इनपुटांचं कार्ड पडूनच आहे, महिनाभर घेऊन जा. येताना ती कोळीगीताची रेकॉर्ड आण.

तुझा,
काका

ता. क. सुईवरची धूळ तोंडाने फुंकतेस हे मी पाहिलं आहे. पावसाळ्यात आधीच हवा ओली, त्यात तुझा श्वास. मऊ ब्रश घे, मागून पुढे, एकाच दिशेने.