तारीख बघून दुखणारी गाठ

‘ताई, सिझर होऊन ४ वर्षं झाली. टाक्याच्या डाव्या टोकाला सुपारीएवढी गाठ आलीय. महिन्यातले चार-पाच दिवस एवढी ठणकते, की परकराची नाडीसुद्धा सोसत नाही. एक डॉक्टर म्हणाले हर्निया. दुसरे म्हणाले, टाक्याचा दोरा आत राहिलाय. सासूबाई म्हणतात, बाळंतपणात वारं लागलं. कॅन्सर तर नसेल? मिस्टरांना अजून बोलले नाही.’
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

अगं, ‘महिन्यातले चार-पाच दिवस’ म्हणजे पाळीचेच ना? आणि तेवढंच तू दोन्ही डॉक्टरांना सांगितलं नसशील. समोर पुरुष सर्जन, बाहेर बाकड्यावर दीर, बोलणार कशी! पण विचारायला त्यांनाही तोंड होतं.

गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर भलतीकडे रुजलं, की त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. सिझरच्या वेळी त्याचे कण टाक्यात राहिले, तर काही वर्षांनीही तिथे गाठ धरते. पाळीची हार्मोन्स तिलाही लागू पडतात, म्हणून ती दर महिन्याला फुगते, ठणकते. हर्निया खोकल्यावर वर येतो, आडवं झालं की बरेचदा आत जातो. ही तारीख बघून दुखते. दुखणं बायकांचं, पण गाठ पोटाच्या भिंतीत. म्हणून बाई आधी जनरल सर्जनकडे जाते आणि तिथे पाळीचा विषयच निघत नाही.

पत्रावरून निदान मी करणार नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर सिलिंडरची तारीख लिहितेस ना? तिथेच पाळीला गोल कर, ठणकलं त्या दिवशी फुली मार. मागच्या महिन्याचं आठवेल तेवढं लिही आणि ती पानं घेऊन जा. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयात सर्जरी आणि स्त्रीरोग दोन्ही विभाग आहेत; दोघांनाही दाखव, कारण कधी कधी पोटातही हा आजार असतो. आधी सोनोग्राफी होईल, लागली तर एमआरआय.

हीच गाठ निघाली तर गोळ्यांनी ठणका कमी होतो, गाठ सहसा जात नाही. भोवतीच्या साधारण १ सेंटिमीटर चांगल्या भागासकट ती कापून काढतात, खड्डा मोठा राहिला तर जाळी बसवतात. काढलेली गाठ तपासायला जातेच. अशा गाठीत कॅन्सर अगदी क्वचित सापडतो.

मिस्टरांना आज रात्रीच सांग. सासूबाईंशी वाद नको. त्यांच्या काळी याला दुसरं नाव कुणी दिलंच नव्हतं. आणि ‘पाळी संपू दे, मग जाऊ’ असं अजिबात करू नकोस. गाठ ठणकत असेल त्याच दिवसांत जा, तेव्हाच ती हाताला नीट लागते.