स्त्रीपार्टी आणि नाच्या

प्रश्न असा आहे: जुन्या संगीत नाटकांवरच्या लेखांत ‘स्त्रीपार्टी नट’ असा उल्लेख येतो. ही ‘पार्टी’ कुठली? आणि तमाशातला नाच्याही बाईचंच सोंग घ्यायचा, मग त्याला स्त्रीपार्टी का म्हणत नाहीत?

पार्टीचं उत्तर सोपं आहे. नाटकवाले भूमिकेला ‘पार्ट’ म्हणत. गावच्या जत्रेतल्या नाटकात अजूनही ‘तुझा पार्ट कुठला रे?’ असंच विचारतात. तेलाचा धंदा करणारा तेली, तसा स्त्रीचा पार्ट करणारा स्त्रीपार्टी. म्हणून शब्द जोडूनच लिहावा. ‘स्त्री पार्टी’ असं तोडलं की महिलांचा राजकीय पक्ष डोळ्यांपुढे येतो.

‘नाच्या’ मात्र व्याकरणाने सुटत नाही. काही जण ‘-या’ प्रत्ययावर खापर फोडतात. गणपतचा गणप्या होतो, तशी यातही हेटाळणी आहे म्हणतात. मला हे पटत नाही. तमाशाच्या त्याच फडात, म्हणजे मंडळीत, ढोलक्या असतो, सोंगाड्या असतो. भांडणात कुणी कुणाला ‘ए ढोलक्या’ म्हणून हिणवत नाही. ‘नाच्या’ म्हणून हिणवतात.

खरी मेख बघणाऱ्यांत आहे. बालगंधर्व १९११ साली ‘मानापमान’मध्ये भामिनी झाले. पुढे त्यांचं नेसणं, त्यांचे दागिने पाहून घरंदाज बायका तसं नटू लागल्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्याबद्दल बोलताना क्रियापदही आपोआप आदरार्थी होतं: ‘ते’ रुक्मिणी करत. नाच्या मात्र ‘तो’च राहिला. फडातले कलावंत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. त्यांना ‘अहो’ कोण म्हणणार? पवळाबाई हिवरगावकरांसारख्या बायका बोर्डावर आल्यावर पोराने बाई होऊन नाचायची गरजही उरली नाही. राहिली ती गौळणीतली, म्हणजे कृष्ण-गवळणींच्या प्रवेशातली, पुरुषाने केलेली मावशी, हशा पिकवण्यापुरती. पुढे चित्रपटात गणपत पाटलांनी ‘आत्ता गं बया!’ म्हणत हाच नाच्या घरोघर पोचवला. माणूस बायकामुलांचा, संसारी. तरी पडद्यावरच्या सोंगावरून लोकांनी त्यांना जोखलंच.

तेव्हा फडाबद्दल लिहिताना ‘नाच्या’ खुशाल लिहा, तिथे ते कामाचं नाव आहे. फक्त वाक्यात पुढे ‘ते’ वापरून पाहा, आणि संपादक ते ठेवतात का तेही बघा.